मेथीच्या जुडीला दुखतं का?

गच्चीवरची बाग
रविवारी जाऊबाईंकडे मटणाचा बेत होता. मी शाकाहारी, माझ्यासाठी वेगळी मेथीची भाजी. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, जुडी निवडताना तिला दुखत नसेल का?" सगळे हसले. पण मला विचाराल तर दुखतं. तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की तहानलेली किंवा कापलेली टोमॅटोची नि तंबाखूची रोपं तासाला ३० ते ५० वेळा टिकटिक आवाज करतात. आपल्या कानांना तो ऐकू येत नाही, एवढंच. पाणी मिळालेली रोपं जवळपास गप्प असतात. आणि जगदीशचंद्र बसूंनी तर हे शंभर वर्षांपूर्वीच सांगितलंय. तिन्हीसांजेला तुळशीला हात लावू न देणारी माझी आजी अडाणी नव्हती.

उपाशी बोका
आवाज आला म्हणजे ओरडलं? पाण्याचा ताण पडला की खोडातल्या बारीक नळ्यांत हवेचे बुडबुडे होतात नि फुटतात, त्याचा तो आवाज असावा. माझे गुडघेही कटकट वाजतात. बसूंचं तर लोक अर्धंच सांगतात. १९०१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी झाडांबरोबर धातूंचेही प्रतिसाद दाखवले होते. कथलाची तारसुद्धा थकते, विषाने मंदावते. मग कल्हईवाल्याने कथलाची माफी मागायची का?

द्राक्षबाग
निफाडकडचा आहे. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी. छाटलेल्या काडीच्या टोकातून पाणी ठिबकतं, तेव्हा आई म्हणते वेल रडतेय. तो मुळांचा दाब. छाटली नाही तर माल धरत नाही. दुखणं म्हणजे 'इथून पळ' असा इशारा. जिला पळताच येत नाही, उलट कापल्यावर जोमाने फुटते, तिला तो हवाय कशाला?

गच्चीवरची बाग
@द्राक्षबाग, अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही पळता येत नाही हो! सुरवंटाने पान कुरतडलं की तिथे ग्लुटामेट सुटतं आणि कॅल्शियमची लाट एक-दोन मिनिटांत दूरच्या पानांपर्यंत जाते, हे २०१८ मध्ये चित्रित झालंय. आपल्या मेंदूतही ग्लुटामेटच निरोप नेतं. आणि लाजाळूला ईथर (भुलीचं औषध) दिलं की ती मिटत नाही, हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकातच पाहिलं. काही जाणवतच नसेल तर भूल कशाला चढेल?

उपाशी बोका
भूल पेशींच्या पडद्यावरही काम करते, त्याला मेंदू लागत नाही. पत्र पोचलं हे मान्य. ते वाचायला घरात कोण आहे? आणि तुमच्या दिरांना सांगा, त्या बोकडाने आयुष्यभर पालाच खाल्ला. मेथीची एवढी दया येत असेल तर आधी मटण सोडा. (मी सोडणार नाही, मला येत नाही.)

एकेंद्रिय
आम्ही जैन, घरात कांदा-बटाटा नाही. आमच्याकडे वनस्पती म्हणजे स्पर्श हे एकच इंद्रिय असलेला जीव. प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत कोणी थांबलं नाही. फळ काढलं तर झाड राहतं, कंद उपटला तर सगळंच जातं, एवढा फरक आजोबांना पुरेसा होता.

द्राक्षबाग
हे पटलं. पण शेती करून बघा, तण तर उपटावंच लागतं.

गच्चीवरची बाग
पाल्याचा मुद्दा दिरांना पाठवलाय. दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही. @उपाशी बोका, घरात कोणी नाही म्हणता, पण दार उघडून पाहिलंय कोणी?