आर्टेरियल स्विचनंतर कोरोनरी धमन्यांची तपासणी

फोंड्याहून प्रश्न:
माझ्या मुलाची आर्टेरियल स्विच शस्त्रक्रिया (हृदयातून निघणाऱ्या, जन्मतः अदलाबदल झालेल्या दोन मोठ्या धमन्या योग्य जागी जोडण्याची) जन्मानंतर काही दिवसांतच झाली. आता तो फुटबॉल खेळतो, छातीत दुखल्याची तक्रार कधीच करत नाही. तरीही डॉक्टरांनी सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारे सीटी स्कॅन) सुचवली आहे. ती आवश्यक आहे का?

म्हापशाहून उत्तर:
ताई, ती अवश्य करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आदिब जतेने यांनी १९७५ मध्ये ब्राझीलमध्ये प्रथम यशस्वी केलेल्या या शस्त्रक्रियेत हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या मुळापाशी सोडवून नव्या महाधमनीला जोडाव्या लागतात, आणि तेथे त्या पिळल्या, ताणल्या गेल्या किंवा पुढे अरुंद झाल्या, तर हृदयाच्या स्नायूला रक्त अपुरे पडते. वेदना पोहोचवणारे मज्जातंतूही त्या वेळी कापले जात असल्यामुळे मुलाला दुखेलच असे नाही. साध्या ईसीजीत आणि इकोतही हा दोष निसटू शकतो.

मडगावहून उत्तर:
आमच्या मुलीला व्यायाम चाचणीही सांगितली होती. जुना शस्त्रक्रियेचा अहवाल, विशेषतः धमन्यांच्या मूळ रचनेची नोंद, सोबत न्यावी. खेळताना शुद्ध हरपली, तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.

फोंड्याहून:
आभारी आहे. उद्याच वेळ घेते.