कॉलनीचं रहिवासी मंडळ नाला साफ ठेवू शकतं का? वर्सोव्याचं बघून आलोय म्हणून विचारतोय

देवपूरचा_आप्पा

राम राम मंडळी. मागच्या महिन्यात मुंबईत वर्सोव्याला मेव्हण्याकडे आठ दिवस राहून आलो. त्यांच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टच्या बाजूला दर महिन्याला एक कागद चिकटवतात, त्यात सगळं, सुका कचरा कोणत्या वारी खाली आणायचा, रविवारी समुद्रावर साफसफाईला किती वाजता जमायचं (ही वेळ प्रत्येक रविवारी वेगळी, का ते कळलं नाही), मागच्या महिन्यात किती पैसे जमले, माळ्याला किती दिले, शिल्लक किती, आणि सगळ्यात खाली कोणीतरी पेनने लिहिलेलं की दुसऱ्या मजल्यावरून कबुतरांना दाणे टाकणं बंद करा. मी तो कागद दोनदा वाचला, मेव्हणा हसायला लागला.

आता आमची गंमत ऐका. धुळ्यात देवपूरला कॉलनी, ६४ प्लॉट, मधे ओपन स्पेस आहे त्यात वेडी बाभूळ माजलेली, मागून नाला जातो तो पुढे पांझरा नदीला मिळतो. घंटागाडी येते पण नेमकं तेव्हा अर्ध्या घरांत पाणी भरणं चालू असतं, गाडी गेली की पिशवी नाल्यात, आणि संध्याकाळी कोणीतरी ओपन स्पेसमध्ये पेटवून देतं, मग सगळी कॉलनी खोकते. मंडळ आहे आपलं, नाही असं नाही. व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर गुड मॉर्निंग, वाढदिवस आणि गणपतीची वर्गणी. मागच्या रविवारी मी नाल्यावर बोलावलं तर चार जण आले, दोघं फोटो काढून गेले, तिसरा मी आणि चौथा शेजारचा बारावीतला पोरगा.

मला वाटतं समुद्र असता तर लोक आले असते, नाल्यावर कोण येतं? सुरुवात कुठून करू, नोंदणी वगैरे लागते का, पैशाचं कसं करायचं, कोणी केलं असेल तर सांगा.

साक्री_ते_वर्सोवा

आप्पा, मी मूळ साक्रीचा, बारा वर्षं झाली इकडे. आधी तुमचा वेळेचा प्रश्न. साफसफाई ओहोटी बघून ठेवावी लागते, भरती असली तर वाळूच मिळत नाही उभं राहायला, आणि भरती-ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणून दर रविवारी वेगळी.

आणि समुद्र असला की लोक येतात हा गैरसमज काढून टाका. वर्सोव्याला ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह नावाच्या वकिलांनी साफसफाई सुरू केली तेव्हा ते आणि एक म्हातारे शेजारी, बस, एवढेच. पुढे २०१६ ला त्यांना संयुक्त राष्ट्रांचा चॅम्पियन्स ऑफ द अर्थ पुरस्कार मिळाला, ते सगळ्यांना माहितीये, मधले आठवडे कोणाला माहिती नाहीत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं वरवरचं उचलायचं असेल, तर कसलं काय, प्लास्टिक आणि जुने कपडे वाळूत खाली गाडले गेलेले, एक टोक धरून ओढलं की साडीसारखं लांबत जातं, तिघं लागतात एकेका चिंधीला, आणि पावसाळ्यात तुम्ही आज किनारा चकाचक करा, उद्या सकाळी समुद्र तेवढंच परत आणून टाकतो. पहिल्या वर्षी मी वैतागून दोन महिने गेलोच नाही. तो कचरा बहुतेक नाल्यांतून आणि खाडीतून येतो. म्हणजे आम्ही जे वाळूतून ओढून काढतो ते तुम्ही नाल्याच्या काठावर हाताने उचलू शकता, तुमचं काम सोपं आहे हो, फक्त फोटो चांगला येत नाही!

कागदाचं म्हणाल तर मुंबईत एएलएम म्हणून प्रकार आहे, ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुरू झाला, गल्लीतल्या लोकांनी गट करायचा आणि महापालिकेच्या वॉर्डाबरोबर कचरा वेगळा करणं वगैरे बघायचं. सगळे चालले नाहीत, कितीतरी नुसते बोर्डापुरते उरले. जे चालले तिथे हिशोब दर महिन्याला लागायचा एवढं मी बघितलंय.

उधन्याचा_भाऊ

राम राम आप्पा, मी सुरतले उधनामा ऱ्हास, मूळ शिंदखेड्याकडला. तुम्हना नालाना कचरा पांझरामा, पांझरा तापीमा, आणि तापी आम्हना दारमा! 😄 म्हणजे तुमच्या कॉलनीच्या पिशव्या डुमसच्या किनाऱ्यावर मीच उचलतो की काय.

मजाक सोडा. १९९४ ला प्लेग आला तेव्हा सुरत सोडून लोक रेल्वे भरभरून गावाकडे पळाले, माझे वडील मला घेऊन शिंदखेड्याला आले होते, गावात कोणी जवळ उभं करत नव्हतं. त्याच सुरतचा २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर पहिला नंबर आला. प्लेगनंतर एस. आर. राव नावाचे कमिश्नर आले, त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी ऑफिसात नाही तर रस्त्यावर उभं केलं. लोक सुधारले म्हणून शहर सुधारलं असं नाही झालं, रोज कोणीतरी येतंय हे दिसलं म्हणून लोक सुधारले. तुमच्या चार जणांतला फोटोवाला पण येईल, पण तुम्ही आठव्या रविवारी पण तिथे दिसले तर.

जुना_पाटबंधारेवाला

उधन्याच्या भाऊंचं अर्धंच बरोबर. तापीवर मधे सारंगखेडा, प्रकाशा हे बॅरेज, पुढे उकाईचं धरण, काकरापारचा बंधारा, देवपूरची पिशवी सुरतेला पोचायला फार नशीबवान असावी लागेल. ती अडकते आपल्याच काठाला, बॅरेजच्या फुगवट्यात, नाहीतर गावच्या मोरीत. आणि म्हणूनच जास्त लाज वाटायला पाहिजे, कारण समुद्रावर ढकलून मोकळं व्हायची सोय आपल्याला नाही. २०१९ च्या ऑगस्टात पांझरेला पूर आला होता तो ओसरल्यावर काठच्या काटेरी झुडपांवर काय काय लटकत होतं ते आठवा.

दुसरं, मुंबई-सुरत बघायला जाताय आप्पा, तर घरचं पण बघा. याच पांझरेवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. नदीत दगडी बंधारा, त्यातून पाट, खालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी कोणाला कधी हे पंच ठरवणार. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, या माणसांना शेतकरी मिळून धान्य द्यायचे. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला सगळे यायचे. ते काही फार प्रेमळ लोक होते म्हणून नाही, गाळ नाही काढला तर शेवटच्या शेताला पाणी पोचत नव्हतं आणि तो शेवटचा माणूस भांडायला दारात यायचा. लक्षात घ्या, रोजचं काम हौशीवर सोडलेलं नव्हतं, त्याला नेमलेला माणूस होता आणि त्याचं पोट त्या कामावर होतं. तुमच्या मंडळात अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार सगळे असतील, जागल्या कोण आहे?

वाडीभोकर_ताई

काका १०० टक्के बरोबर बोलले 👏 आमच्या गल्लीत आम्ही बायकांनी नेमका असाच जागल्या ठेवला, शब्द माहिती नव्हता एवढंच. एक मावशी आहेत, घरटी महिना ५० रुपये, ज्यांना गाडीच्या वेळी जमत नाही त्यांच्या बादल्या त्या गाडीत टाकतात, भंगारात जाणारं वेगळं काढून विकतात ते पैसे त्यांचेच. तीन घरं पैसे देत नाहीत, त्यांचीही बादली उचलतात कारण नाही उचलली तर ती नाल्यातच जाणार, याच्यावरून आमच्यात भांडणं झालीयेत ते सोडा.

आप्पा नोंदणी आत्ताच नका करू. संस्था म्हणून करायची तर किमान सात जण, घटना, धर्मादाय कार्यालयात दरवर्षी हिशोब, त्यातच तुमचा उत्साह संपेल. वहीत हिशोब लिहा आणि लोकांना दिसेल असा लावा. जाळण्याचं मात्र ठणकावून सांगा, कचरा उघड्यावर जाळायला, नाल्यात टाकायला घनकचरा नियमांत सरळ मनाई आहे.

आणि ते ५ जूनचं वृक्षारोपण बंद करा हो! आपल्याकडे तेव्हा जमीन तव्यासारखी असते, पाऊस धड जुलैत लागतो, तोपर्यंत रोप वाळून काडी होतं आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवं. आम्ही जुलैत पाच कडुनिंब आणि दोन करंज लावले, प्रत्येक झाड एका घराच्या नावावर, सहा जगलेत. सातवं ज्यांच्या नावावर होतं ते पुण्याला गेले.

देवपूरचा_आप्पा

सगळ्यांचे आभार, तीन आठवड्यांनी लिहितोय. ताई तुमचंच उचललं, एक बाई मिळाल्या, ६४ पैकी ३८ घरं पैसे द्यायला तयार झाली, बाकीचे म्हणे आधी दोन महिने बघू. बारावीतल्या पोराने नाल्याच्या तोंडाशी जुनी जाळी बांधलीये पिशव्या अडवायला, पण पाऊस जोराचा आला तर ती तुंबून पाणी कॉलनीत शिरेल असं मला वाटतं म्हणून पाऊस सुरू झाला की काढायला मी धावतो, काकांनी यावर जरा सांगावं. कानबाईच्या (आपल्या खानदेशात श्रावणात बसवतात ती देवी) विसर्जनाला सगळ्या बायका त्याच वाटेने नदीवर जातात, तोपर्यंत काठ मोकळा करायचाय, त्या कारणाने रविवारी अकरा जण आले, फोटोवाले दोघंही होते.

कागद पण लावला. आमच्याकडे लिफ्ट कुठली, म्हणून पिठाच्या गिरणीच्या दारावर, तिथे सगळेच येतात आणि दळण होईपर्यंत वाचण्याशिवाय काही काम नसतं. दुसऱ्याच दिवशी खाली पेनने कोणीतरी लिहून गेलंय, "नाल्याचं ठीक आहे, पण आप्पांनी स्वतःची गाडी रस्त्यात लावणं कधी बंद करायचं ते पण लिहा."