समता शिकवणाऱ्या रूसोने स्वतःची पाच पोरं टाकली, त्याचं काय?

खडूफळा: काल एकाने लिहिलं की लॉक, व्हॉल्टेअर, रूसो हे युरोपातले विचारवंत झाले नसते तर माणसं समान असतात हे जगाला कळलंच नसतं. वाचून इतका संताप आला की आज सविस्तरच लिहिते. डी.एड.ला आम्ही रूसो घोकलाय, निसर्गवाद, मुलांच्या शिक्षणावरचं त्याचं पुस्तक 'एमिल', सगळं. पण त्याच १७६२ च्या 'एमिल'मध्ये शेवटी एमिलची होणारी बायको सोफी येते आणि तिने शिकायचं कशासाठी तर नवऱ्याला खूश ठेवण्यासाठी, हे आमच्या एकाही गाईडमध्ये नव्हतं. लॉक म्हणतो माणूस जन्मतः स्वतंत्र, आणि स्वतःचे पैसे लावतो रॉयल आफ्रिकन कंपनीत, जी गुलामांचा व्यापार करायची. मग हे स्वातंत्र्य नक्की कोणाचं?

नदीकाठचा: अहो ताई, अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजची फूटपट्टी कशाला लावता? तुलूझच्या ज्यां कालाला, प्रोटेस्टंट होता म्हणून, पोटच्या पोराच्या खुनाचा आळ घेऊन १७६२ मध्ये चाकावर हाडं मोडून मारला. व्हॉल्टेअरचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, तरी पत्रं लिहून लिहून त्याने १७६५ ला त्या मेलेल्या माणसाला निर्दोष ठरवून घेतलं. हे विसरायचं?

खडूफळा: "त्या काळात सगळेच तसे" हे मला सांगू नका. फ्रेंच विचारवंत कोंदोर्से त्याच काळातला ना? १७८१ ला गुलामगिरीविरुद्ध लिहितो, १७९० ला म्हणतो बायकांनाही नागरिकाचे हक्क द्या. फ्रेंच लेखिका ऑलिंप द गूजने १७९१ ला स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा काढला, १७९३ ला तिला गिलोटिनवर चढवलं. कळत होतं सगळ्यांना, करायचं नव्हतं.

घाटमाथा: मला रूसोच्या पोरांबद्दल बोलायचंय. त्याची जोडीदार तेरेझ, तिला झालेली पाचही मुलं त्याने पॅरिसच्या अनाथालयात सोडली, तिथली बरीचशी पोरं वर्षभरही जगायची नाहीत. आणि हाच माणूस मुलं कशी वाढवावीत ते जगाला शिकवतो.

नदीकाठचा: गरीब होता तो, आणि ही गोष्ट त्याने स्वतःच लिहून ठेवलीय. माणूस वेगळा, विचार वेगळा.

घाटमाथा: गरिबीचं कारण मला देऊ नका. मी सहा वर्षांचा होईपर्यंत आश्रमात वाढलोय. रविवारी कोणाचे तरी पाहुणे यायचे, आम्ही दारात उभे. माझी आई गरीब होती म्हणून तिला मी माफ केलं, पण तिने त्यावर पुस्तक लिहून लोकांना उपदेश केला नव्हता. आणि इकडे बघा, १८६३ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तिथे एका विधवेला झालेला यशवंत स्वतःचा मुलगा म्हणून वाढवला. समता म्हणजे ही.

नदीकाठचा: पण ते जोतीराव तरुणपणी कोणाला वाचत होते? थॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन'! माझे वडील युनियनचे, गेटवर समतेवर तासभर बोलायचे आणि घरी आई सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलेलं खायची. आम्हाला ते दिसत होतं. तरी ताईला कॉलेजला पाठवायचं नाही म्हणाले तेव्हा तिने त्यांचंच भाषण त्यांना ऐकवलं आणि ती शिकली. बाप तसाच राहिला हो, पण त्याचे शब्द तिच्या कामी आले.

आडवाट: हैतीत, म्हणजे फ्रान्सच्या तेव्हाच्या वसाहतीत, तेच झालं की. १७९१ ला गुलामांनी उठाव केला, फ्रान्सला त्याच्याच मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातली समता मागितली, १७९४ ला गुलामगिरी रद्द झाली, १८०२ ला नेपोलियनने परत आणायला घेतली तेव्हा लढून १८०४ ला देशच स्वतंत्र केला. पण सगळं श्रेय फ्रेंचांना देऊ नका. बाबासाहेबांनी १९५४ ला रेडिओवर स्पष्ट सांगितलं होतं की स्वातंत्र्य, समता, बंधुता मी फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नाही, माझ्या गुरूकडून, बुद्धाकडून घेतली.

खडूफळा: तुमच्या ताईचं पटलं, पेनचंही पटलं. पण मग श्रेय ताईला द्या ना, भाषणाला का? आणि सोफीवरचं ते पान डी.एड.च्या पोरींना वाचायला मिळालंच पाहिजे, यावर मी मागे हटणार नाही.

नदीकाठचा: सोफीचं मान्य. घाटमाथा, गरिबीचं बोललो ते मागे घेतो. रूसो मात्र सोडणार नाही.

घाटमाथा: नका सोडू. पण पुढच्या वेळी त्याचं नाव घ्याल तेव्हा ती पाच पोरंही सांगा.