मॉडफ्लोमध्ये मे महिन्यात कोरडे पडलेले सेल पावसाळ्यात परत चालूच होत नाहीयेत

मुरूमकातळ:
पुरंदर तालुक्यातलं एक छोटं पाणलोट मॉडेल करतोय, एमटेकचं काम आहे. तीन थर घेतलेत, वर साधारण १० मीटर मुरूम, मग अर्धा मीटर रेड बोल (दोन लाव्हा थरांमधली लाल चिकणमाती) आणि त्याखाली मांजऱ्या (सच्छिद्र बेसाल्ट), ज्यात बोअरना पाणी लागतं. भूजलाचा प्रवाह मोजणारं मॉडफ्लो २००५ सॉफ्टवेअर आहे, त्यात थरांचे गुणधर्म द्यायला एलपीएफ पॅकेज. मार्चपर्यंत सगळं नीट चालतं, मग उपसा चालूच असल्यामुळे वरच्या थरातले सेल (ग्रिडचे चौकोन) कोरडे पडतात आणि जूनमध्ये रिचार्ज दिला तरी मेलेलेच राहतात. रीवेटिंग (कोरडे सेल परत ओले करायची सोय) चालू केलं की समीकरणं सोडवणारा सॉल्व्हर नुसता वरखाली होत बसतो, कन्व्हर्ज होतच नाही, म्हणजे एका उत्तरावर थांबतच नाही. ग्रिड बारीक करू का?

ओढाकाठ:
ग्रिडचा काही संबंध नाही रे. २००५ मध्ये पाणी सेलच्या तळाखाली गेलं की तो सेल हिशोबातूनच बाद होतो, त्यावरचा रिचार्जही गेला (रिचार्ज कुठल्या सेलला द्यायचा ते ठरवणारं एनआरसीएचओपी ३ ठेवलं असशील तर निदान खालच्या चालू सेलला मिळतो). समीकरणं सोडवायच्या न्यूटन पद्धतीवर जा. २०११ मध्ये मॉडफ्लो-एनडब्ल्यूटी आलं ते याच दुखण्यावर, त्यात एलपीएफऐवजी यूपीडब्ल्यू वापरायचं, पण नवीन काम असेल तर सरळ मॉडफ्लो ६ घे. न्यूटन पद्धतीत कोरडा सेल चालूच राहतो, आडव्या प्रवाहासाठी ज्या सेलची पातळी जास्त त्याचीच ओली जाडी धरतात, म्हणजे कोरडा सेल पाणी देऊ शकत नाही पण घेऊ शकतो, आणि तुला पावसाळ्यात नेमकं तेच हवंय.

भूजलवाली:
बोलकडे जास्त लक्ष दे, खालच्या थराला किती पाणी मिळणार ते तोच ठरवतो. जाडी भागिले उभी के (उभ्या दिशेची पाणी वाहू देण्याची क्षमता) करून बघ. मुरमाची के दिवसाला १ मीटर धरली तर १०/१ म्हणजे १० दिवस, बोलची ०.०००१ धरली तर ०.५/०.०००१ म्हणजे ५००० दिवस!! मुरमाची के दुप्पट केलीस तरी झिरप्यात फरक पडणार नाही, कॅलिब्रेशनचा वेळ बोलवर घाल. आणि २००५ मधली क्वासी-थ्रीडी सोय (असा पातळ थर वेगळा न दाखवता फक्त त्याचा अडथळा धरायची) मॉडफ्लो ६ मध्ये नाहीये, बोल वेगळा थर म्हणूनच ठेवावा लागेल. शिवाय तिथल्या विहिरींत इनवेल बोअर (विहिरीच्या तळातून खाली मारलेले बोअर) असतील तर दोन्ही थर त्या भोकातूनच जोडले जातात, त्यांना साध्या वेल पॅकेजमध्ये न घालता एमएडब्ल्यूमध्ये (अनेक थरांना जोडणाऱ्या विहिरींचं पॅकेज) घाल.

ओढाकाठ:
बरोबर. अजून एक, बाकीच्या विहिरींसाठी वेल पॅकेजमधलं ऑटो फ्लो रिड्यूस चालू केलंस तर पाणी तळाला गेल्यावर मॉडेल स्वतःच उपसा कमी करतं, मेमध्ये मोटार तासाभरात हवा ओढायला लागते तसंच, पण किती कमी केला ते फाइलमध्ये लिहून घे, नाहीतर तू दिलेला उपसा एक आणि मॉडेलने ओढलेला भलताच, आणि पातळ्या जुळल्या म्हणून आपण खूश. जून-जुलैला टाइम स्टेप पण दिवसांची ठेव, स्पेसिफिक यील्ड (खडकातून निथळू शकणाऱ्या पाण्याचा वाटा) २ टक्के असेल तर १०० मिमी रिचार्जने पातळी ५ मीटर चढते, महिन्याच्या एका उडीत ते झेपणार नाही.

मुरूमकातळ:
खूप धन्यवाद दोघांनाही, आजच फ्लोपायने (मॉडफ्लोसाठीची पायथन लायब्ररी) मॉडेल मॉडफ्लो ६ मध्ये नेतो. बोल सगळीकडे नाहीये पण, ओढ्याच्या वरच्या अंगाला सापडतच नाही, तिथे काय करू?

भूजलवाली:
तिथे त्या थराच्या सेलना आयडोमेन (सेल चालू की बंद ते सांगणारा आकडा) -१ दे, वरचा थर खालच्याला थेट जोडला जाईल. ० देऊ नकोस, त्याने जोडणीच तुटते.