कोल्हापुरी अमेरिकेला पाठवायच्या असतील तर
आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा सरकारी कोड, मिळाला की चपलांची पार्सलं अमेरिकेला पाठवता येतील, असं वाटेल. पण तेवढ्यावर भागत नाही. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची आयात शुल्कमाफी तिथे २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे छोट्या पार्सललाही नेमका एचएस कोड (मालाचा प्रकार सांगणारा, जगभर चालणारा क्रमांक) हवा. चामड्याचा तळ आणि पावलावरून, अंगठ्याभोवती चामड्याचे पट्टे असलेल्या पादत्राणांना ६४०३२० हा वेगळा कोडच आहे. बिलावर नुसतं 'हँडिक्राफ्ट' लिहू नका. शुल्क कोण भरणार हे ऑर्डर घेतानाच गिऱ्हाइकाशी ठरवा, नाहीतर पार्सल परत आलं तर जाण्यायेण्याचा खर्च तुमच्याच माथी. जीएसटीचा एलयूटी, म्हणजे निर्यातीच्या मालावर आधी कर न भरता तो पाठवता यावा म्हणून द्यायचं हमीपत्र, प्रत्येक आर्थिक वर्षी नव्याने भरायचा असतो, तो मार्चअखेरच्या गडबडीत हमखास राहतो. आणि 'गिफ्ट' लिहून पाठवायचा सल्ला कुणी दिला, तर सरळ कानाआड करा.