फेअरफर्डच्या काचा
सोळाव्या शतकात इंग्लंडचे राजे आठवा हेन्री आणि सहावा एडवर्ड यांच्या काळात देश कॅथलिक पंथापासून तुटून प्रोटेस्टंट वळणावर गेला; तेव्हा चर्चमधल्या मूर्ती फुटल्या, भिंतींवरच्या चित्रांवर चुना फासला गेला, मग खिडक्यांच्या मध्ययुगीन रंगीत काचा वाचल्याच कुठे, असा प्रश्न पडतो. ग्लॉस्टरशरमधलं फेअरफर्डचं सेंट मेरी चर्च बघा. लोकरीच्या व्यापारात गब्बर झालेल्या जॉन टेमने ते १४९० च्या दशकात जवळपास नव्याने बांधायला घेतलं. १५०० मध्ये तो वारला, उरलेलं काम मुलगा एडमंडने तडीस नेलं. म्हणजे बांधलं कॅथलिक म्हणून, अँग्लिकन (रोमपासून वेगळ्या झालेल्या इंग्लंडच्या चर्चचं) झालं ते नंतर.

खिडक्या २८, आणि बहुतेक काच मूळचीच. सातव्या हेन्रीच्या दरबारी कारागिरांचं हे काम मानतात. पश्चिमेच्या मोठ्या खिडकीत शेवटचा न्याय, म्हणजे जगाच्या अंती ख्रिस्त सगळ्यांचा निवाडा करतो तो प्रसंग, आहे. खाली नरकात तांबड्या-निळ्या सैतानांची नुसती धांदल. संतांपेक्षा कारागीर तिथेच जास्त रमलाय, असं मला तरी वाटतं! मूर्ती-चित्रं नष्ट करणाऱ्या प्रोटेस्टंट सुधारकांच्या तावडीतून सुटलेल्या या खिडकीला १७०३ च्या वादळाने मात्र गाठलं. तिच्या वरच्या भागातली काच आज दिसते ती १८६० च्या दशकातल्या दुरुस्तीची. दुसऱ्या महायुद्धात तर सगळ्याच काचा उतरवून सुरक्षित ठेवल्या होत्या.