मदत हवी आहे: संशोधनासाठी फोनवर मुलाखती घेतल्या तर चालतात का?

अर्धवट_प्रबंध:
नमस्कार मंडळी, पीएचडीचा डेटा गोळा करतेय, विषय आहे रात्रपाळी करणाऱ्या नर्सेसची झोप आणि घर. टिकमार्कवाली प्रश्नावली नाहीये, मोकळ्या लांब मुलाखती आहेत. सगळ्या समोरासमोर घ्यायच्या असं ठरलं होतं पण यांच्या ड्युट्या इतक्या बदलतात की ठरलेली वेळ टिकतच नाही, शेवटी त्यातल्याच काहीजणी म्हणाल्या ताई फोनवरच बोलू ना. म्हणजे आता काही मुलाखती भेटून आणि बऱ्याचशा फोनवर. गाइडचं म्हणणं, फोनवरचा डेटा पातळ येतो आणि व्हायव्हाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, हेच धरून बसतील.

मला तसं सरसकट वाटत नाहीये. एकीला विचारलं घरी आल्यावर झोप लागते का, तर "हो लागते की", संपलं. मागून कोणाचा तरी आवाज येत होता, किती वेळ चाललंय म्हणून. मी आपली ड्युटी चार्टवर वळले. जरा वेळाने तीच म्हणाली, "गच्चीवर आलेय आता, ते मघाचं परत विचारा." आणि मग जे बोलली ते समोर बसून कोणी सांगितलं नव्हतं मला.

तर प्रश्न असे की दोन्ही प्रकार एकाच अभ्यासात चालतात का, फोनवर समोरचा गप्प झाला की काय करायचं (मला लगेच पुढचा प्रश्न टाकायची घाई होते), आणि संमती नि रेकॉर्डिंगचं तुम्ही कसं करता? कॉल रेकॉर्डरचं अ‍ॅप टाकलंय पण त्यात माझाच आवाज येतो फक्त.

चष्मिष्ट:
चालतात, फक्त मेथडॉलॉजीत (अभ्यास कसा केला त्या प्रकरणात) लपवू नका. कोणती मुलाखत कशी झाली, आणि का, ते सरळ लिहा. गाइडना स्टर्जेस आणि हॅनराहन यांचा २००४ चा पेपर दाखवा, तुरुंगात भेटीला येणारे नातेवाईक आणि तिथले कर्मचारी यांच्या मुलाखती त्यांनी काही समोरासमोर काही फोनवर घेतल्या आणि ट्रान्सक्रिप्ट (शब्दशः लिहून काढलेल्या मुलाखती) ताडून पाहिल्या, म्हणावा असा फरक सापडला नाही. पण उलट बाजूही वाचा, अर्वाइन आणि सहकाऱ्यांनी फोनच्या मुलाखतींत पाहिलं की मुलाखत घेणाऱ्याचे हं, हो, अच्छा कमी पडतात आणि समोरचा जास्त वेळा विचारतो, हेच हवं होतं ना तुम्हाला? समोर असताना मान डोलावून भागतं, फोनवर ती मान दिसत नाही. म्हणून हुंकार द्या, पण वाक्याच्या शेवटी, मधे नको, नाहीतर रेकॉर्डिंगमधे तिचाच शब्द खाल्ला जातो. गप्प झाली तर गप्प बसा. फारच लांबलं तर "मी ऐकतेय, सावकाश सांगा" एवढंच.

आणि सुरुवातीलाच विचारायचं, आत्ता मोकळेपणी बोलता येईल का, आसपास कोणी आहे का. हे गच्चीवालीने तुम्हाला फुकटात शिकवलंय.

आकडेमोड:
गाइड बहुतेक सर्वेवाल्यांची भीती तुमच्यावर ढकलतायत. फोनची बदनामी आहे ती नमुन्यावरून, म्हणजे कोणाकोणाला विचारलं त्यावरून. १९३६ च्या अमेरिकन निवडणुकीत लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने टेलिफोन डिरेक्टरी आणि गाड्यांच्या नोंदींतून नावं काढून मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांवर उत्तरं आली आणि लँडन जिंकणार म्हणून छापलं, जिंकले रूझवेल्ट. तेव्हा फोन असणारी माणसं वेगळी होती, शिवाय उत्तर पाठवणारीही वेगळी. आता अडचण दुसरी आहे, लोक फोनच उचलत नाहीत, प्यू रिसर्च या अमेरिकन संस्थेच्या फोन सर्वेंचा रिस्पॉन्स रेट (उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण) १९९७ मधे ३६ टक्के होता तो २०१८ मधे ६ टक्क्यांवर आला. तुम्ही कुठे टक्केवारी काढताय? तुमच्या नर्सेस आधीच हो म्हणालेल्या आहेत. फक्त नाही म्हणाल्या त्या कोण होत्या ते टिपून ठेवा, सगळ्या एकाच वॉर्डच्या निघाल्या तर तिथे काहीतरी आहे.

बाकी फोनवर पर्यायांची लांब यादी वाचू नका, शेवटचा ऐकलेला पर्याय निवडायची ओढ असते लोकांना.

चष्मिष्ट:
रेकॉर्डिंगचं राहिलंच. २०२२ मधे गूगलने प्ले स्टोअरवरच्या कॉल रेकॉर्डर अ‍ॅप्सची वाट बंद केली, म्हणून ही अ‍ॅप्स बेभरवशाची झालीत. फोन स्पीकरवर ठेवून शेजारी वेगळा रेकॉर्डर ठेवा, दार लावून. स्पीकरवर आहात हेही त्यांना सांगा. संमतीचा मजकूर आधी मेसेजने पाठवा, मग रेकॉर्डर चालू करून वाचून दाखवा आणि तोंडी हो घ्या, ती फाइल मुलाखतीपासून वेगळी ठेवायची कारण त्यात नाव असतं. पण तुमच्या एथिक्स कमिटीने (संशोधनाला नैतिक परवानगी देणारी समिती) समोरासमोरचीच परवानगी दिली असेल तर आधी दुरुस्तीचा अर्ज, पुढचे फोन त्यानंतर.

अर्धवट_प्रबंध:
खूप आभार दोघांचे. परवानगीच्या पत्रात "वैयक्तिक मुलाखत" एवढंच लिहिलंय, फोनचा उल्लेख नाही, उद्याच अर्ज देते आणि तोवर फोन थांबवते. एक अजून, ट्रान्सक्रिप्टमधे ते मागचे आवाज आणि जागा बदलणं लिहायचं का? मला वाटतं लिहावं, कारण उत्तर तिथेच बदललं. पण कंसात टाकायचं की वेगळ्या कॉलममधे, कोणी करत असेल तर सांगा.